नोकरदारांनी समाजमाध्यमांवर मत कसे मांडावे?

सरकारचे एखादे धोरण, कार्यालयातील कामाचे तास, नव्याने लादले गेलेले तंत्रज्ञान किंवा स्वतःचे मानसिक आरोग्य यांविषयी फेसबुकवर, लिंक्डइनवर अथवा व्हॉट्सॲपच्या गटात लिहिले तर नोकरीवर गदा येईल का, हा प्रश्न नोकरदार वाचकांकडून वारंवार विचारला जातो. त्याच्या मुळाशी दोन टोकाच्या समजुती आढळतात. घटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले असल्यामुळे काहीही लिहिता येते, असे काहींना वाटते. तर एकदा नोकरी पत्करली की सार्वजनिक प्रश्नांवर तोंड उघडण्याचा अधिकारच उरत नाही, असे इतर काही जण धरून चालतात. या दोन्ही समजुती चुकीच्या असून प्रत्यक्षात उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते: आपण कोणत्या भूमिकेतून बोलत आहोत, जे लिहीत आहोत ते मत आहे की आरोप, आणि ते कोठे लिहीत आहोत. पहिल्या दोन गोष्टी पुढे याच क्रमाने पायऱ्या म्हणून मांडल्या असून तिसरी मुख्यतः ‘नेहमी होणाऱ्या चुका’ या भागात येते; विवेचनात भारतातील, आणि जेथे वेगळी तरतूद आहे तेथे महाराष्ट्रातील, स्थिती सांगितली आहे.

हक्क किती आणि त्याला सीमा कोणत्या

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा अनुच्छेद १९(२) ने राज्यसंस्थेला दिली आहे. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी ही त्या निर्बंधांची कारणे होत. ही यादी परिपूर्ण असून तिच्याबाहेरचे कारण पुढे करून या स्वातंत्र्यावर निर्बंध लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात स्पष्ट केले.

पालघर येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदविषयक फेसबुक मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्या घटनेनंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६अ ला आव्हान देण्यात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एखाद्या प्रश्नाची चर्चा करणे, एखाद्या भूमिकेचा पुरस्कार करणे आणि प्रत्यक्ष चिथावणी देणे या तीन पायऱ्या न्यायालयाने या निकालात वेगळ्या केल्या. पहिल्या दोन पायऱ्या कितीही अप्रिय वाटल्या तरी त्या संरक्षित आहेत. निर्बंधाचा प्रश्न तिसऱ्या पायरीवर उद्भवतो. मार्च २०२४ मध्ये हाच विचार कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या प्रकरणात पुढे नेण्यात आला. अनुच्छेद ३७० विषयीच्या निर्णयावर टीका करणारे व्हॉट्सॲप स्टेटस ठेवल्याबद्दल त्यांच्यावर नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे नमूद केले.

तथापि मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. खासगी कंपनीशी असलेले नाते प्रामुख्याने करार आणि कामगार कायदे यांवर चालते. म्हणूनच जो मजकूर गुन्हा ठरत नाही तो सेवेतील गैरवर्तन ठरू शकतो.

पहिली पायरी: स्वतःची भूमिका निश्चित करावी

*राज्य व केंद्र शासनाचे कर्मचारी.* सेवेत प्रवेश केल्याने मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात मांडले आहे. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका शासकीय कर्मचारी महिलेच्या फेसबुक मजकुराच्या संदर्भात त्याचाच पुनरुच्चार केला. मात्र केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करणे, राजकीय पक्षाच्या कार्यात भाग घेणे आणि अनधिकृतपणे शासकीय माहिती उघड करणे यांवर बंधने घातली आहेत. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासन निर्णय काढून ही बंधने समाजमाध्यमांना स्पष्टपणे लागू केली. त्यातील प्रमुख सूचना अशा आहेत:

- वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती स्वतंत्र ठेवावीत.
- राज्य वा केंद्र शासनाच्या चालू अथवा अलीकडील धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये.
- गोपनीय दस्तऐवज पूर्वपरवानगीशिवाय प्रसारित करू नयेत.
- वैयक्तिक खात्यावर शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन वा इमारत यांचा वापर टाळावा.
- बदली झाल्यावर कार्यालयीन खाते पुढील अधिकाऱ्याकडे सोपवावे.

स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळे व महामंडळे यांतील तसेच कंत्राटी कर्मचारीही या निर्णयाच्या कक्षेत येतात. साहित्य, कला, विज्ञान अथवा स्वतःच्या अभ्यासविषयावरील लेखन ही निराळी बाब असून त्यासाठी असलेली मुभा नियमांत तपासून पाहावी. सेवाशर्तींसंबंधी गाऱ्हाणे असल्यास मान्यताप्राप्त संघटनेच्या व्यासपीठावरून ते मांडणे वैयक्तिक खात्यावरून मांडण्यापेक्षा अधिक सुरक्षित ठरते.

*अनुदानित शाळा व महाविद्यालये.* येथील कर्मचाऱ्यांना शासकीय नियम जसेच्या तसे लागू होतात असे गृहीत धरू नये. खासगी शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे, तर महाविद्यालयांसाठी विद्यापीठाचे परिनियम असतात. कारवाईची कारणे आणि चौकशीची पद्धत त्या त्या नियमावलीत पाहावी लागते.

*खासगी कंपन्यांतील कर्मचारी.* नियुक्तिपत्र, गोपनीयतेचा करार, आचारसंहिता आणि समाजमाध्यम धोरण या चार कागदांत आपल्या मर्यादा लिहिलेल्या असतात. अनेक नियुक्तिपत्रांत ‘कंपनीच्या वेळोवेळी बदलणाऱ्या धोरणांस बांधील’ असे वाक्य असते. त्यामुळे रुजू होताना वाचलेले धोरण आज तसेच असेल, याची खात्री देता येत नाही. कारखाने व मोठ्या आस्थापनांत स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्ती व गैरवर्तनाचे प्रकार ठरवणारी प्रमाणित नियमावली, लागू असू शकतात.

दुसरी पायरी: मत आणि आरोप वेगळे करावेत

या विषयातील बहुतेक संकटे मतामुळे ओढवत नाहीत. मताच्या वेशात आलेला आरोप ती ओढवून आणतो. मत म्हणजे उघड असलेल्या वस्तुस्थितीवर केलेले मूल्यमापन, तर आरोप म्हणजे खरे वा खोटे ठरवता येईल असे विधान. ‘आमच्या विभागातील बदल्यांचे धोरण अन्यायकारक आहे’ हे मत झाले. ‘बदल्यांसाठी अमुक अधिकारी पैसे घेतो’ हा आरोप असून तो सिद्ध करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. अशा विधानाआधी ‘मला वाटते’ असे शब्द जोडल्याने त्याचे मत होत नाही, आणि शेवटी प्रश्नचिन्ह दिल्यानेही होत नाही.

बदनामी हा भारतात दिवाणी दावा आणि फौजदारी गुन्हा असे दोन्ही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार तिला २ वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, अथवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. फौजदारी बदनामीची तरतूद वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे. कंपनी अथवा संस्था यांचीही बदनामी होऊ शकते आणि उपरोधाने केलेले विधानही तिच्या कक्षेत येते. मात्र याच कलमात अपवाद दिलेले असून त्यांतील तीन नोकरदारांच्या दृष्टीने मोलाचे आहेत:

१. सार्वजनिक हिताचे सत्य. विधान खरे असणे पुरेसे नसते. ते प्रसिद्ध होणे लोकहिताचे आहे, हेही दाखवावे लागते.
२. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावरील सद्भावनापूर्वक मत. कायद्याच्या परिभाषेत सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी व लक्ष देऊन केलेली कृती. निव्वळ चांगला हेतू येथे पुरत नाही.
३. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार. वरिष्ठ, तक्रार समिती, दक्षता विभाग किंवा पोलीस यांच्याकडे केलेली तक्रार या अपवादात बसते. तोच मजकूर फेसबुकवर टाकल्यास हे संरक्षण गमावले जाते.

तिसऱ्या अपवादावरून एक व्यावहारिक नियम निघतो: विशिष्ट व्यक्तीवर आरोप करावयाचा असेल तर प्रथम सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, तिची पोच जपून ठेवावी, आणि सार्वजनिक लेखन करायचेच झाल्यास ते व्यवस्थेतील दोषापुरते मर्यादित ठेवावे.

चार विषय आणि प्रत्येकातील काळजी

तंत्रज्ञान. एखादे ॲप, उपकरण, कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन किंवा शासनाची डिजिटल योजना यांवर टीका करण्यास सर्वसाधारण नागरिकाला मोठे स्वातंत्र्य आहे. ओडिशातील धामरा बंदर आणि तेथील समुद्री कासवे यांच्या प्रश्नावर ग्रीनपीस संस्थेने केलेल्या टीकात्मक संगणकीय खेळाविरुद्ध टाटा सन्सने मनाई मागितली होती. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अंतरिम मनाई नाकारली आणि इंटरनेटवरील मजकुरासाठी वेगळा, अधिक कडक निकष लावण्यास नकार दिला. सुनावणीपूर्वीच मजकूर हटवण्याचे आदेश सहजपणे देऊ नयेत, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग प्रकरणात दिला. मात्र आपण त्याच उत्पादनावर काम करत असाल तर परिस्थिती बदलते. कार्यालयातील संगणकप्रणालीचे चित्र, ग्राहकांची माहिती किंवा अप्रकाशित वैशिष्ट्ये उघड केल्यास कराराचा भंग होतो, आणि कराराधीन सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती गैरलाभाच्या वा हानीच्या हेतूने उघड केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७२अ खाली गुन्हाही होऊ शकतो. प्रतिस्पर्ध्याच्या उत्पादनावर लिहिताना आपण कोठे नोकरी करतो हे सांगणे प्रामाणिकपणाचे आणि सुरक्षितही ठरते.

काम. २०२३ मध्ये उद्योजक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, तेव्हा त्यावर देशभर टीका झाली. सार्वजनिक विधानावर केलेली अशी टीका मताच्या क्षेत्रात मोडते. ‘आमच्या चमूचा व्यवस्थापक लोकांना रात्री बारापर्यंत राबवतो’ हे लिहिणे मात्र ओळखता येणाऱ्या व्यक्तीवरील आरोप होय, मग तिचे नाव न घेतले तरीही. कामाचे तास, वेतन आणि सुट्टी यांविषयी तक्रार असल्यास आधी मनुष्यबळ विभाग, नंतर कामगार आयुक्त कार्यालय, हा मार्ग धरावा. सूचिबद्ध कंपन्यांना कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ नुसार गैरप्रकारांची माहिती देण्यासाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. तक्रारदाराचा छळ होऊ नये याची तजवीज त्या यंत्रणेत असणे आवश्यक असते.

लैंगिक छळाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. २०१३ च्या अधिनियमानुसार अंतर्गत समितीकडे घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार करावी लागते, आणि कलम १६ नुसार तक्रारीचा तपशील व संबंधितांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. दुसरीकडे, स्वतःवरील अन्याय कोणत्याही व्यासपीठावर, अनेक वर्षांनंतरही, मांडण्याचा स्त्रीला हक्क असल्याचे दिल्लीतील न्यायालयाने पत्रकार प्रिया रमाणी यांना १७ फेब्रुवारी २०२१ रोजी बदनामीच्या आरोपातून मुक्त करताना नमूद केले आहे. समितीकडे प्रकरण चालू असताना सार्वजनिक लेखन करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

शासन. शासकीय सेवेत नसलेल्या नागरिकाला धोरणावर कठोर टीका करता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ च्या स्पष्टीकरणातही, शासनाच्या उपाययोजनांत कायदेशीर मार्गाने बदल घडवून आणण्यासाठी व्यक्त केलेली नापसंती त्या कलमाबाहेर असल्याचे सूचित केलेले आहे. धोका निर्माण होतो तो धर्म, जात, भाषा वा प्रदेश यांवरून गटांत वैर वाढवणाऱ्या मजकुरामुळे (कलम १९६) आणि खोट्या बातमीने घबराट वा तेढ पसरवल्यामुळे (कलम ३५३). आकडे देताना ते शासन निर्णय, अर्थसंकल्प अथवा माहिती अधिकारातून मिळालेल्या उत्तरातून घ्यावेत. १० रुपये शुल्काच्या अर्जावर सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते आणि असा कागद हाती असला की सद्भावना दाखवणे सोपे जाते. न्यायालयाच्या अंतिम निकालावरील उचित टीका अवमान ठरत नाही. न्यायाधीशांवर हेतूचा आरोप करणे मात्र टाळावे.

मानसिक आरोग्य. स्वतःच्या नैराश्याविषयी वा चिंतेविषयी लिहिणे हा सर्वस्वी आपला निर्णय आहे. मात्र एकदा सार्वजनिक झालेली माहिती परत घेता येत नाही, आणि ती भावी नोकरीदाता किंवा विमा कंपनी यांच्या नजरेस पडू शकते, एवढे गृहीत धरून निर्णय घ्यावा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने पुढील हक्क दिले आहेत:

- उपचारांसंबंधीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क (कलम २३).
- संमतीशिवाय छायाचित्र वा माहिती माध्यमांना न दिली जाण्याचा हक्क (कलम २४).
- शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांवरही विमासंरक्षण (कलम २१).
- आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाणे आणि तिच्यावर त्याबद्दल खटला न चालवला जाणे (कलम ११५).

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असे म्हटले की, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर त्या स्थितीशी संबंधित वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरतो. या निर्णयाचा लाभ हवा असेल तर वैद्यकीय कागदपत्रे असावी लागतात. म्हणून कार्यालयाला कळवायचे झाल्यास समाजमाध्यमावरून न कळवता डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह लेखी आणि गोपनीय पत्राने कळवावे, आणि कामात नेमकी कोणती सवलत हवी हे त्यात लिहावे. सहकाऱ्याच्या आजाराविषयी, सहानुभूतीनेही, त्याच्या संमतीशिवाय काही लिहू नये.

प्रसिद्ध करण्यापूर्वीची तपासणी

१. लेखनात आपल्या नोकरीशी, ग्राहकाशी वा सहकाऱ्याशी संबंधित, केवळ नोकरीमुळे मिळालेली काही माहिती आहे का, हे तपासावे आणि असेल तर ती काढून टाकावी.
२. प्रत्येक वाक्यासमोर ‘मत’ किंवा ‘वस्तुस्थिती’ असे लिहून पाहावे. वस्तुस्थितीच्या प्रत्येक वाक्यासाठी हाताशी पुरावा असावा.
३. व्यक्तीवर रोख असलेले वाक्य धोरणावर रोख ठेवून लिहिता येते का, ते पाहावे.
४. ओळखपट्टी, गणवेश, कार्यालयाची पार्श्वभूमी किंवा संगणकाचा पडदा छायाचित्रात येत नाही ना, याची खात्री करावी.
५. रागाच्या भरात लिहिलेला मजकूर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचूनच प्रसिद्ध करावा.
६. प्रसिद्ध केलेल्या मजकुराची आणि पुराव्यांची प्रत वैयक्तिक साठ्यात ठेवावी.

नेहमी होणाऱ्या चुका

- ‘मते वैयक्तिक आहेत’ या ओळीवर विसंबणे. या सूचनेने वाचकाचा गैरसमज टळतो. परंतु वर्तणूक नियम, गोपनीयतेचा करार किंवा बदनामीचा कायदा यांपासून ती सूट देत नाही.
- बंद गटाला खासगी समजणे. व्हॉट्सॲप गटातील कोणताही सदस्य पडद्याचे चित्र काढून बाहेर देऊ शकतो. गटप्रमुखांसाठी दिलासा एवढाच की, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल गटप्रमुखाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.
- दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणे निरुपद्रवी मानणे. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका विद्यार्थिनीला लष्करी कारवाईसंबंधीचा दुसऱ्याचा मजकूर पुढे टाकल्याबद्दल अटक झाली. तिने तो थोड्याच वेळात काढून माफी मागितली होती, तरीही महाविद्यालयाने तिला काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली.
- निनावी खात्याला कवच समजणे. दूरध्वनी क्रमांक व इंटरनेट जोडणीच्या नोंदींवरून तपासयंत्रणा लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतात.
- कार्यालयाच्या साधनांवरून वैयक्तिक मत लिहिणे. कार्यालयाचा लॅपटॉप, ईमेल आणि वायफाय यांवरील हालचालींवर लक्ष ठेवण्याची तरतूद धोरणात बहुधा असतेच.

नोटीस आल्यास काय करावे

कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस. नोटिशीत नेमका कोणता मजकूर आणि कोणता नियम उल्लेखिला आहे ते पाहावे. तो नसेल तर लेखी मागावा. उत्तरासाठी मुदतवाढ मागण्यास हरकत नाही, परंतु मुदत उलटू देऊ नये. शासकीय कर्मचाऱ्याला बडतर्फ करणे, सेवेतून काढणे वा पदावनत करणे यांपूर्वी अनुच्छेद ३११ नुसार, काही अपवाद वगळता, विभागीय चौकशी आवश्यक असते. त्यानंतरही अन्याय झाल्याची भावना असल्यास विभागीय अपील आणि पुढे, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजेच ‘मॅट’, हे मार्ग खुले असतात. खासगी आस्थापनांत २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्यातील तरतुदीप्रमाणे चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराला पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के आणि त्यापुढे, विलंब त्याच्यामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता देय असतो. आपण ‘कामगार’ या व्याख्येत बसतो का, हे पदनामावरून न ठरवता प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरवावे लागते. धाकाखाली राजीनामा लिहून देऊ नये. तो दिल्यावर पुढील दाद मागणे अवघड होते.

वकिलाची बदनामीची नोटीस. ही न्यायालयाचा आदेश नसते. मजकुरात चूक आढळल्यास ती ताबडतोब दुरुस्त करून तसे जाहीर करावे; चूक नसल्यास पुराव्यांसह वकिलामार्फत उत्तर द्यावे. बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून १ वर्षाची असते.

पोलिसांचे बोलावणे. येथे पुढील गोष्टी माहीत असाव्यात:

- केवळ बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे; त्यासाठी तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते.
- ३ वर्षे वा अधिक, परंतु ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. अभिव्यक्तीशी संबंधित प्रकरणांत हा मार्ग वापरणे उचित ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात म्हटले.
- ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बहुतेक गुन्ह्यांत अटकेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) नुसार हजर राहण्याची नोटीस अपेक्षित असते. ती व्हॉट्सॲपवरून बजावणे ग्राह्य नाही. तथापि रीतसर नोटीस मिळाल्यावर हजर राहणे बंधनकारक आहे.
- अटक झाल्यास कारणे आपल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी लागू केले. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे घटनेनेच बंधनकारक केले आहे.
- दूरध्वनी जप्त केल्यास पंचनाम्याची प्रत मागावी.
- स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

नोटीस आल्यानंतर घाईने मजकूर पुसून टाकू नये. आधी त्याची तारीखवार प्रत काढावी, वकिलाशी बोलावे आणि मगच तो ठेवायचा की काढायचा हे ठरवावे, कारण नंतर पुरावा नष्ट केल्याचा आक्षेप येऊ शकतो.

मजकूर हटवला गेल्यास. समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.

मत मांडल्यानंतरचा मनस्ताप

मत व्यक्त केल्यावर शिवीगाळ, धमक्या आणि झुंडीने होणारी हेटाळणी वाट्याला आली तर प्रत्येकाला उत्तर देत बसू नये. धमकीचा मजकूर, खात्याचा दुवा आणि वेळ यांची नोंद करून ते खाते रोखावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर अथवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. धमकी देणे, स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग करणे आणि दुसऱ्याच्या नावाने खाते काढून फसवणूक करणे हे गुन्हे आहेत. सूचना बंद ठेवणे, एखाद्या विश्वासू व्यक्तीला खाते हाताळायला देणे आणि काही दिवस त्या माध्यमापासून दूर राहणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. झोप उडाली, काम सुचेनासे झाले किंवा जीव नकोसा वाटू लागला तर शासनाच्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. ही सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

परदेशी नोकरी करणाऱ्यांसाठी

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना तेथील कायदा लागू होतो. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार अपमानकारक मजकूर व अफवा यांसाठी कठोर शिक्षा असून टीकेची सीमा भारतापेक्षा पुष्कळ अरुंद आहे. अमेरिकेने १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ व्हिसाच्या अर्जदारांनाही समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले आहे. त्यामुळे अशा अर्जदारांनी जुन्या लेखनाचा आढावा घ्यावा. खात्यांविषयी विचारलेली माहिती मात्र लपवू नये.

नोकरदाराने सार्वजनिक प्रश्नांवर गप्प राहावे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. धोरणावरील, पुराव्याला धरून केलेल्या आणि नोकरीतील गुपितांना न शिवणाऱ्या टीकेला भारतीय न्यायालयांनी सातत्याने संरक्षण दिले आहे. मात्र ते संरक्षण पुष्कळदा अटक, निलंबन आणि दीर्घ न्यायालयीन लढाई यांनंतर मिळते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून वाचकांनी वाद उद्भवण्याची वाट न पाहता आपले नियुक्तिपत्र, वर्तणूक नियम आणि कार्यालयाचे समाजमाध्यम धोरण यांच्या प्रती आजच मिळवून वाचाव्यात, आणि मग आपले मत निःसंकोचपणे मांडावे.